बिदागी, पाकीट आणि लाल वही

पहाटेचे साडेचार. मैदानातल्या मांडवामागे प्लायवूड उभं करून खोली केलेली. आत एकच ट्यूबलाइट, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कालच्या कुठल्यातरी सभेचे गुंडाळलेले फलक. ताई तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा मागेपुढे सरकवत जवारी लावत होत्या. दवानं पुडी उतरली म्हणून तबलजी काळी चारचा तबला पुन्हा चढवत बसला होता. दिवाळी पहाट सहाला सुरू व्हायची होती. पावणेसहाला एक कार्यकर्ता डोकावला. "मॅडम, साहेब निघालेत. आले की पाच मिनिटं सत्कार, मग लगेच तुम्ही."

साहेब सात वाजता आले. पाच मिनिटांचा सत्कार पंचवीस मिनिटं चालला. ताईंच्या मनात पहाटेचा ललत होता, पण तोवर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन आलं होतं. त्या पेटीवाल्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ललत राहू दे. तोडी घेऊ."

ताईंना मी वीस-एक वर्षं ओळखते. डोंबिवलीत राहतात, माझ्या भाचीला गाणं शिकवायच्या. नाव छापायचं नाही, अशी त्यांनी अट घातली आहे ("पुढच्या वर्षीची दिवाळी जायची माझी!"), म्हणून इथे त्या नुसत्या ताई. त्या पहाटे मी त्यांच्या मागे गेले ती गाण्यासाठी कमी आणि एका वहीसाठी जास्त. वाण्याकडे असते तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही त्यांच्या पर्समध्ये कायम असते. तीत उभे रकाने आखलेले आहेत: तारीख, गाव, कुणी बोलावलं, बोलणं किती, मिळाले किती, साथीला किती, राहिले किती. शेवटच्या अरुंद रकान्याचं नाव 'परत?' म्हणजे त्यांनी पुन्हा बोलावलं का.

पहिली नोंद गणपतीतली आहे. पाचशे एक रुपये, नारळ, शाल. 'बोलणं किती' या रकान्यात आडवी रेघ.

"बोलणं झालंच नव्हतं," ताई म्हणाल्या. "विचारायचं कसं? घरात शिकवलेलंच नव्हतं. गाणं शिकवलं, पैसे मागायला नाही शिकवलं."

आपल्याकडे गाणाऱ्याच्या पैशाला शब्द बरेच आहेत, आणि एकेका शब्दात कुणाचा हात वर आणि कुणाचा खाली हे स्पष्ट दिसतं. बिदागी म्हणजे निरोप देताना दिलेलं; किती द्यायचं ते निरोप देणारा ठरवणार. दौलतजादा म्हणजे बारीत बसलेल्यानं एखाद्या लावणीवर खूश होऊन उधळलेलं. तमाशात उचल असते, म्हणजे हंगामाच्या आधीच फडमालकाकडून घेतलेली रक्कम. ती फिटेपर्यंत पाय बांधलेले. नाटकवाल्यांची नाइट त्यातल्या त्यात रोखठोक. आणि मानधन हा या सगळ्यांतला सर्वांत सभ्य आणि माझ्या मते सर्वांत फसवा शब्द. त्यात मान आधी येतो, आणि पुष्कळदा मान देऊन झाला की धन द्यायचं राहून जातं.

या शब्दांच्या पलीकडे जाऊन स्वतःचा आकडा स्वतः सांगणारी पहिली बाई कोण, हे शोधायला गेलं तर गायिका गौहरजानपाशी थांबावं लागतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं तिच्या तबकड्या मुद्रित केल्या. तीन-एक मिनिटांत राग मांडायचा आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारायचं. तिनं मागितलेल्या तीन हजार रुपयांची गोष्ट आजही सांगितली जाते. पण हीच गौहरजान जानेवारी १९३० मध्ये म्हैसूरला, तिथल्या दरबाराच्या तनख्यावर शेवटचे दिवस काढत गेली. एका रात्रीचा आकडा मोठा होता, तरी शेवटच्या वर्षांची बेगमी त्यातून झाली नव्हती.

ती बेगमी कशी करायची, याचं उत्तर आपल्या मुलखात एका आईनं आणि तिच्या लेकीनं शोधलं. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचं घर सोडून त्यांच्या पत्नी ताराबाई माने पाच मुलं घेऊन बाहेर पडल्या. त्यातली थोरली मुलगी चंपाकली, म्हणजे १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या आपल्या हिराबाई बडोदेकर. सुरेशबाबू, कमलाबाई आणि सरस्वतीबाई राणे ही तिचीच भावंडं. पाच मुलांची आई आणि हातात फक्त गाणं, अशा अवस्थेत या घरानं पुण्यात गाण्याची शाळा काढली, नूतन संगीत विद्यालय. पुढे १९२९ मध्ये नाटक कंपनीही काढली. बायकांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या त्या काळात हिराबाई स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मग बोलपट आला, संगीत नाटकाचे दिवस फिरले, कंपनी कर्जात गेली आणि बंद पडली. ते कर्ज हिराबाईंनी गावोगाव मैफली करून फेडलं.

या मैफलींचं मोल मला त्यांच्या तिकिटात दिसतं. बाईनं जाहीर कार्यक्रमात, तिकीट लावून, पुरुष गवयासारखं मांडी घालून गावं, ही वाट रुळवण्याचं श्रेय हिराबाईंना दिलं जातं. तिकीट ही आज आपल्याला क्षुल्लक बाब वाटते. पण ज्या काळी बाईचं गाणं म्हणजे कुणाच्यातरी दिवाणखान्यातलं गाणं होतं, तेव्हा तिकिटानं काय केलं पाहा. दिवाणखान्यात एकच यजमान असतो, पैसा त्याचा आणि मर्जीही त्याचीच. थिएटरात पाचशे माणसं थोडे थोडे पैसे देतात, आणि त्यातल्या एकालाही गायिकेवर गाण्यापलीकडचा कसलाच हक्क पोचत नाही. पैसे चुकते, गाणं ऐकलं, घरी गेले. हिराबाईंचा पदर, त्यांचं शांत बसणं, हातवारे नसलेलं गाणं याबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं आहे. तिकीटबारीबद्दल फारसं नाही. मला तर वाटतं की ते शांत बसणं या तिकीटबारीच्या आधारानंच शक्य झालं. पंधरा ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत 'वंदे मातरम्' गायला त्यांना बोलावलं गेलं, १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. पण मला त्यांच्याबद्दल सर्वांत आदर वाटतो तो त्या फेडलेल्या कर्जासाठी.

आणि म्हणूनच दिवाळी पहाटेला मोफत पासांची चवड पाहिली की मला कसंसंच होतं. बिल्डर, बँक, नगरसेवक असे तिघं मिळून पहाट उभी करतात, आपण फुकट पास मिळवून नव्या साड्या नेसून जातो, आणि गायिका पुन्हा यजमानाच्या मर्जीवर येऊन बसते. दिवाणखाना नुसता मोठा झाला. ललताची वेळ टळली ती त्यामुळेच. ताईंना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तुझं खरं आहे गं. पण तिकीट लावलं तर तुम्ही येता का?"

यावर मी काय बोलणार?

गाण्यावर मुलं वाढवणारी आणखी एक आई गोव्यातली. तिथे साळावली धरणाचं पाणी मे महिन्यात ओसरतं तेव्हा कुर्डी नावाचं गाव तळातून वर येतं: घरांची जोती, देवळाचे अवशेष, भेगाळलेला गाळ. १९८० च्या दशकात बुडालेल्या या गावात १९०४ साली मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या. आधी नाटक मंडळ्या, मग अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, मग मुंबई. नवरा लवकर गेला, पदरात तीन लहान मुलं. मोगूबाईंनी शिकवण्या केल्या, मैफली केल्या आणि त्यातूनच मुलं वाढवली. त्यांच्यामागे तानपुऱ्यावर बसणारी थोरली मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. आईला तिसऱ्या वर्गानं प्रवास करावा लागे, कुणाच्यातरी घरी उतरावं लागे, बिदागी तुटपुंजी असे, हे किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगून ठेवलं आहे. ते बघूनच, आपण हे सोसायचं नाही, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली होती.

किशोरीताईंच्या लहरीपणाचे किस्से आपण चवीनं सांगतो. त्या उशिरा आल्या, कुणी बोललं म्हणून थांबल्या, अमुक खोली मागितली, तमुक गाडी मागितली. मीही सांगत असे. पण ते किस्से तिसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या त्या मुलीच्या बाजूनं पुन्हा वाचून पाहिले, तेव्हा त्यातली बरीच लहर मला कराराच्या कलमांसारखी दिसायला लागली. हॉटेलची खोली, स्टेशनवर माणूस, श्रोत्यांची शांतता. आज ताई आयोजकाला व्हॉट्सॲपवर जी यादी पाठवतात तीत हेच सगळं असतं, त्यात भर एवढीच की 'मंचाजवळ बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह'. ते नाही म्हणून आम्हाला सहा तास पाणी न पिता गावं लागू नये, असं त्या म्हणतात; आणि पाणी न पिता गळा कसा चालणार, हे आयोजकाला समजावून सांगावं लागतं.

केसरबाई केरकरांनी तर अटींचंच राज्य केलं. ध्वनिक्षेपक नको, ध्वनिमुद्रणं मोजकीच, आणि शिष्या म्हणावी अशी एकच, धोंडूताई कुलकर्णी. या बाईच्या भैरवीची साडेतीन मिनिटं १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. पण केसरबाईंचा कित्ता गिरवायला केसरबाईंचा गळा आणि त्यांच्यासारखे आश्रयदाते दोन्ही लागतात, म्हणून तो सर्वांना सांगता येत नाही.

अटी घालण्याची ताकद कुणाकडे नव्हती, तेही पाहायला हवं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर रेडिओ म्हणजे कलाकाराला मिळणारं नवं, नियमित उत्पन्न होतं. सरदार पटेल नभोवाणी खातं सांभाळत असताना असं ठरलं की जिचं खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे तिला रेडिओवर गाता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाणं जपणाऱ्या घरांतल्या किती बायकांच्या तोंडावर हा दरवाजा लागला असेल! पुरुष गवयांना असले प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. पंडित-उस्ताद या पदव्याही पुरुषांना आपोआप चिकटतात आणि केसरबाई-मोगूबाई मात्र बाईच राहतात, ही गंगूबाई हनगल यांची तक्रार होती. हल्ली निवेदक 'विदुषी' म्हणतात. ताई म्हणतात, म्हणू देत, पण पाकिटात 'पंडितां'एवढेच घाला.

आणि तमाशा. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. त्या गावच्या विठाबाई नारायणगावकर पोटुशी असताना नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही हकीकत आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. ती शौर्यकथा आहेच. पण त्या रात्री सुट्टी घेतली असती तर काय, हा प्रश्न आपण त्या गोष्टीला विचारत नाही. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या विठाबाई २००२ मध्ये हलाखीत गेल्या. आता त्यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव देतं.

ताईंच्या वहीत एका ठिकाणी सलग चौदा पानं कोरी आहेत. मुलगी झाली तेव्हाची. नोकरीतल्या बाईला रजा असते, स्वतंत्र गायिकेला फक्त कोरी पानं. सातव्या महिन्यापर्यंत त्या गायल्या. मग श्वास पुरेना, तान अर्ध्यावर तुटायला लागली. बाळंतपणानंतर दीड वर्षानं पहिला फोन केला तेव्हा समोरचा म्हणाला, "अरे वा, गाता का अजून?" त्यानंतरच्या पानावर 'परत?' या रकान्यात ओळीनं पाच फुल्या आहेत.

तेव्हा त्यांना तारलं ते ताराबाईंच्याच युक्तीनं, क्लासनं.

मराठी मध्यमवर्गाच्या गाण्याचा खरा खांब मैफल कधीच नव्हती. विष्णू दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही परीक्षांची शिडी घराघरांत पोचली. त्या शिडीनं किती गवई घडवले यावर वाद घाला, पण दुपारी तीन ते सात या वेळात चाळीतल्या, फ्लॅटमधल्या हजारो बायकांच्या हातात तिनं स्वतःचे पैसे ठेवले. हा पैसा स्टेजवरच्या पाकिटाइतका दिसत नाही, म्हणून त्याची कुणी मुलाखत घेत नाही. ताईंचा शब्द मला आवडतो. मैफल म्हणजे बागायत, क्लास म्हणजे ज्वारी. त्यांच्या हिशेबात वर्षाच्या घरखर्चाला ज्वारीच पुरते. गणपती, नवरात्र, दिवाळी या अडीच महिन्यांत जे येतं ते वर्षभर पुरवायचं नाही, ते वाद्यांना, गुरूंकडे जाण्यायेण्याला आणि बाजूला टाकायला, असा त्यांचा नियम आहे.

कोविडमध्ये ज्वारीलाही ऑनलाइनचं पाणी मिळालं. शनिवारी सकाळी साडेसहाला ताई लॅपटॉपसमोर बसतात तेव्हा न्यू जर्सीतल्या दोन मराठी बहिणींचे शुक्रवारचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मी एकदा बाजूला बसून पाहिलं. गुरू-शिष्यानं एकत्र सूर लावायचा, तो तिथे लावताच येत नाही. आवाज पोचायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात दोघी एकमेकींच्या मागे पडतात. म्हणून ताई गाऊन थांबतात, मग ती गाते, मग ताई. तानपुरा ज्यानं त्यानं आपापल्या घरी लावायचा. झूमला तानपुरा पंख्याचा आवाज वाटतो, तो इमानदारीत पुसून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज चालू ठेवायला सांगावं लागतं. थोरलीचा गंधार खाली येत होता. ताईंनी तीनदा सांगितलं, मग स्वतःचा आवाज बंद करून म्हणाल्या, "आता मी बोलणारच नाही. तू तानपुऱ्यातच शोध." पडद्यावर ती पोर डोळे मिटून बसली. खरा तानपुरा असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. मोबाइलमधल्यात तो उमटतो का, यावर आमचा पुढे चहाबरोबर बराच वाद झाला.

या क्लासची फी महिन्याच्या एक तारखेला आगाऊ येते, न मागता. वहीत 'बोलणं' आणि 'मिळाले' हे दोन रकाने पहिल्यांदा सारखे दिसतात ते इथे.

राहिली ती रॉयल्टी. हा शब्द आपल्याकडे लतादीदींच्या भांडणामुळे कळला. वयाच्या तेराव्या वर्षी वडील गेल्यावर घर चालवायला उभी राहिलेली ही मुलगी पैशाच्या बाबतीत भाबडी राहणं शक्य नव्हतं. फिल्मफेअरमध्ये गायकाला पुरस्कारच नाही, तर मी तिथे गाणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. रॉयल्टीत गायकाचा वाटा असावा यावरून साठच्या दशकात रफीसाहेबांशी काही वर्षं अबोला धरला. गाण्याचे पैसे मिळाले की संपलं, असं रफींचं मत होतं. आणि याच लतादीदींनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं, ज्यावरून बाई की पुरुष ते कळू नये. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा वाटा त्यांना लिहून देता येईनासा झाला, गायकांच्याही हक्काला जागा मिळाली. दीदींनी मांडलेला हिशेब कायद्याच्या पुस्तकात यायला पन्नास वर्षं लागली.

पण हा हक्क ताईंच्या हातात किती पडतो? त्यांनी स्वतः बांधलेल्या चार बंदिशी मुद्रित करून स्पॉटिफायवर टाकल्या. तिथे तीस सेकंद ऐकलं की एक 'ऐकणं' मोजतात, आणि बारा महिन्यांत हजार ऐकणी झाली नाहीत तर त्या गाण्याचा पैसाच निघत नाही. अर्ध्या तासाचा यमन आणि तीन मिनिटांचं गाणं, दोन्हींना भाव एकच. तीस सेकंदांत तर आजच्या विलंबित एकतालाचं एक आवर्तनही पुरं होत नाही. समेवर यायच्या आत गिऱ्हाइकाची मोजणी झालेली असते. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला हजार वर्गणीदार आणि वर्षात चार हजार तास लागतात, म्हणजे ताईंचा अर्ध्या तासाचा ख्याल आठ हजार वेळा शेवटपर्यंत ऐकला गेला पाहिजे. गौहरजानला निदान तीन मिनिटं मिळाली होती. ताईंनी आता बंदिशी तिथे ठेवल्यात त्या व्हिजिटिंग कार्ड म्हणून. आयोजकाला दुवा पाठवायचा, बस्स.

कराच्या कायद्यात मात्र एक गंमत आहे. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. मग अभंग शास्त्रीय की लोक? भावगीत कुठल्या रकान्यात? मी हिरिरीनं विचारत होते, ताई हसत होत्या. वर्षाला वीस लाखांच्या खाली कमाई असणाऱ्याला जीएसटीची नोंदणीच लागत नाही. "ती पाळी येऊ दे तरी," त्या म्हणाल्या. त्यांचा खरा झगडा वेगळाच आहे. आयोजक एकच आकडा सांगतात, 'सगळ्यांचं मिळून'. त्यात तबला, पेटी, टाळ, तानपुऱ्यावरच्या मुली, गाडी. मग 'साथीला किती' हे गायिकेनं ठरवायचं आणि वाईटही तिनंच व्हायचं. वहीत एका कार्यक्रमापुढे 'राहिले किती' मध्ये उणे सातशे लिहिलं आहे. एका संस्थेचे पैसे तर कधीच आले नाहीत. तबलजीला ताईंनी पदरचे दिले. आता साथीदारांचे आकडे वेगळे लिहून पाठवायचे आणि निम्मी रक्कम आधी घ्यायची, असं त्यांनी केलं आहे. त्यामुळे तीन-चार आयोजक तुटले. उरलेल्यांच्या ओळी बहुतेक वेळेवर भरतात.

पहाट संपली तेव्हा साडेनऊ झाले होते. स्टेजवर पाकीट, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह आणि शाल असं सगळं झालं. ताईंनी आधीच कळवलं होतं की शाल देऊ नका, तिचे पैसे तबलजीच्या पाकिटात घाला. तरी शाल आलीच, जरीकाठी, प्लास्टिकसकट. प्लायवूडच्या खोलीत त्यांनी पाकीट उघडून मोजलं, वहीत लिहिलं, मग शाल उलगडून दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"कापड बरं आहे," त्या म्हणाल्या. कोपऱ्यात दोन तानपुरे उभे होते. दोन्हींच्या गवसण्या शालींच्याच शिवलेल्या. एक मरून, एक मोरपंखी, भोपळ्यापाशी जरीचा काठ आडवा जोडलेला. "तिसऱ्या तानपुऱ्याची राहिलीय. वासू शिंप्याला सांगते, अस्तर जाड लाव म्हणून."

आणि नऊ बावन्नची गाडी पकडायला त्या उठल्या. दुपारी तीनला क्लास होता, दिवाळीचा असला तरी.